घरातल्या व्हिडिओ कॅसेटी वाचवायच्या कशा

चिपळूणला चिंचनाक्यापासून जरा आत माझी व्हिडिओ लायब्ररी होती. १९८५ च्या गणपतीत सुरू केली, २००८ च्या दिवाळीनंतर बंद केली. आता पिक्चर न्यायला कुणी येत नाही. पण महिन्यातून दोन-चार माणसं पिशवीत कॅसेट घालून येतात आणि विचारतात, "भाऊ, ही आमच्या लग्नाची आहे. दिसेल का अजून?"

बहुतेक वेळा दिसते. गेल्या काही वर्षांत मी अशा बऱ्याच कॅसेटी संगणकाच्या फाइलमध्ये उतरवून दिल्या. पण सगळ्यांना माझ्यापर्यंत येणं जमणार नाही, आणि हे काम घरी करता येण्यासारखं आहे. म्हणून मी कसं करतो ते सगळं लिहून ठेवतोय.

पहिलं काम कपाटातल्या कॅसेटी निवडण्याचं. पिक्चरच्या एका बाजूला, घरच्या दुसऱ्या बाजूला. पिक्चरच्या उतरवण्यात वेळ घालवू नका. माझ्याकडे एका काळी हजारावर पिक्चर होते, त्यातले बहुतेक आज मोबाईलवर माझ्या कॅसेटीपेक्षा स्वच्छ दिसतात. शिवाय ते दुसऱ्याच्या मालकीचे. काही कंपन्यांच्या कॅसेटींत नक्कल रोखायची सोय असायची. नक्कल करायला गेलं की चित्र उजळतं, काळवंडतं, पुन्हा उजळतं. तो तुमच्या मशीनचा दोष समजू नका.

पण पिक्चरच्या कॅसेटी फेकूही नका. त्या पुढे तीनदा कामाला येणार आहेत.

घरच्या कॅसेटी म्हणजे लग्न, मुंज, बारसं, शाळेचं गॅदरिंग, आजोबांची साठी. आमच्या भागात आणखी दोन प्रकार: नमन-खेळे आणि जाखडी, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य आणि लोकनृत्य. जाखडीतला शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे दोन गटांचा सामना कुणीतरी खांद्यावरच्या कॅमेऱ्याने रात्रभर घेतलेला असायचा, आणि मुंबईहून शिमग्याला आलेले चाकरमानी त्या कॅसेटी माझ्याकडून नंबर लावून न्यायचे. गोवळकोट, कालुस्ते, मिरजोळी इथली कितीतरी माणसं कुवेत-मस्कतला. बहिणीच्या लग्नाला रजा मिळाली नाही की लग्नाची कॅसेट त्यांना तिकडे पाठवली जायची, आणि तिकडून येताना ते व्हीसीआर, म्हणजे कॅसेट लावायचं मशीन, घेऊन यायचे. ह्या कॅसेटींची दुसरी प्रत कुठल्याही कंपनीच्या संगणकावर नाही. म्हणून आधी त्या.

घाई दोन कारणांसाठी. कॅसेट जुनी होते हे एक, पण त्याहून मोठं कारण मशीनचं. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता जगात जेवढे व्हीसीआर आहेत तेवढेच, आणि त्यांतले रबरी पट्टे, रोलर आणि फितीवरचं चित्र वाचणारं हेड झिजत चाललेत. दुरुस्ती येणारे हातही कमी झाले. कॅसेट आणखी दहा वर्षं टिकेलही. ती दाखवणारं मशीन मिळेल की नाही, हा प्रश्न आहे.

काम कधी काढायचं? आमच्या कोकणात दिवाळी ते शिमगा. पावसाळ्यात कॅसेटीला हातच लावू नका. हवेतला दमटपणा फितीवर बसतो, मशीनमधल्या गोल ढोलावर बसतो, आणि ओली फीत त्या ढोलाला चिकटली की गुंता झालाच म्हणून समजा. काही व्हीसीआरमध्ये दव ओळखणारी सोय असते, ते सुरूच होत नाहीत. लोक म्हणतात मशीन बिघडलं. बिघडलेलं नसतं, ते फीत वाचवत असतं.

आता कॅसेट हातात घ्या. मशीनमध्ये घालण्याआधी पाच मिनिटं तिच्याकडे नीट बघा. हे पाच मिनिटांचं काम लोक टाळतात आणि त्यातच कॅसेटी जातात.

आधी वास घ्या. कुबट वास आला तर सावध व्हा. मग पारदर्शक खिडकीतून आतलं रीळ उजेडात तिरकं धरून बघा. गुंडाळलेल्या फितीच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट चांगल्या मशीनमध्ये कधीही घालायची नाही. बुरशी हेडवर बसते आणि पुढे त्या मशीनमध्ये जाणाऱ्या प्रत्येक कॅसेटीला लागते. ती वेगळी काढा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दोन-तीन आठवडे ठेवा, मधे पुड्या बदला. बुरशी मरत नाही, पण सुकते, आणि सुकलेली पुसता येते. पुसायचं काम अंगणात, तोंडाला मास्क लावून. मी बुरशीसाठी एक जुना प्लेयर वेगळाच ठेवलाय, त्यावर दुसरी कॅसेट चढवत नाही. तुमच्याकडे एकच मशीन असेल तर बुरशीची कॅसेट जाणत्या माणसाकडे द्या, स्वतः प्रयोग करू नका.

वास नाही, डाग नाहीत, मग कॅसेटीच्या पाठीच्या कडेवरचा प्लास्टिकचा छोटा चौकोनी तुकडा बघा. तो शाबूत असेल तर आत्ताच मोडून टाका. तो असेपर्यंत त्या कॅसेटीवर नवं काही भरता येतं. चुकून लाल बटण दाबलं गेलं की लग्नावर तुमच्या हॉलमधली रिकामी भिंत भरली जाते, आणि ते परत येत नाही. तिथे चिकटपट्टी लावलेली असेल तर कुणीतरी आधी पुन्हा वापरण्यासाठी लावलेली आहे, ती काढा.

शेवटी पुढचं दार. कॅसेटीच्या बाजूला छोटी कळ असते, ती दाबून दार उचला. फीत सपाट, सरळ दिसली पाहिजे. चुरगळलेली, कडेला दुमडलेली असेल तर कॅसेट बाजूला ठेवा. दारातून दिसते ती चित्राची बाजू. तिला बोट लावायचं नाही.

पुराचं वेगळं सांगतो, कारण आमच्या गावात तो प्रश्न घरोघरचा आहे. जुलै २००५ च्या पुरात माझ्या दुकानाचे खालचे तीन कप्पे गेले. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. मी त्या कॅसेटी गच्चीवर कडक उन्हात वाळत घातल्या. चिखल रिळात सिमेंटसारखा घट्ट झाला, कवचं वाकली, एकही वाचली नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी पुन्हा बाजारात शिरली तेव्हा लोकांनी आणलेल्या कॅसेटी मी दुसऱ्या पद्धतीने हाताळल्या, आणि त्यातल्या पुष्कळ दिसल्या.

पद्धत अशी. गढूळ पाण्यात भिजलेली कॅसेट चिखलासकट सुकू द्यायची नाही. धुणं लगेच जमत नसेल तर स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवा, पण धुणं एक-दोन दिवसांत झालंच पाहिजे. स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवा, शेवटचं पाणी डिस्टिल्ड वापरा, बॅटरीत घालायचं मिळतं ते चालतं. साबण नाही, गरम पाणी नाही. मग पाणी निथळू द्या आणि सावलीत, पंख्याखाली, उभी ठेवून सुकवा. ऊन नाही, हेअर ड्रायर नाही, फ्रीजर तर नाहीच. सुकायला दिवसच्या दिवस लागतात. आत थेंबभर ओल असेपर्यंत मशीनला दाखवायची नाही.

सुकली की कवच बदलायचं. इथे पिक्चरची कॅसेट पहिल्यांदा कामाला येते. दोन्ही कॅसेटी उलट्या करा, खालचे पाच स्क्रू काढा, मग हाताने दोन्ही भाग दाबून धरून सुलट्या करा आणि वरचं झाकण उचला. स्प्रिंग उडतात, म्हणून ताटात उघडा. पिक्चरची रिळं बाहेर, तुमची रिळं त्या स्वच्छ कवचात. उघडण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा: फीत कुठल्या खांबाच्या पुढून आणि कुठल्याच्या मागून जाते ते. पहिल्यांदा करताना दोन पिक्चरच्या कॅसेटींवर सराव करा, मगच लग्नाची उघडा.

फीत तुटली असेल तरी हीच गोष्ट. बहुतेक वेळा ती टोकाशी, पारदर्शक पट्टीपाशी तुटते. चुरगळलेला भाग कात्रीने सरळ कापून टाका. तीन-चार सेकंदांचं चित्र जाईल, जाऊ द्या. दोन्ही टोकं एकमेकांना भिडवा, एकावर एक चढवू नका, आणि जोडायची पट्टी मागच्या बाजूने लावा, म्हणजे दारातून दिसत नाही त्या बाजूने. साधा सेलोटेप वापरू नका. त्याचा गोंद काही दिवसांनी पाझरतो आणि हेडला लागतो. फीत जोडण्यासाठीची खास पट्टी मिळते, तीच आणा. टोकाची पारदर्शक पट्टीच फाटली असेल तर पिक्चरच्या कॅसेटीची काढून जोडा. हा तिचा दुसरा उपयोग.

आता मशीन. विकत घेण्याआधी नातेवाइकांना विचारा. आखातातून आणलेला एखादा व्हीसीआर माळ्यावर असतोच, आणि तो बहुतेक मल्टिसिस्टीम असतो, त्याचा फायदा पुढे सांगतो. नुसता प्लेयर असेल तरी चालेल, रेकॉर्डिंगची गरज नाही. चालू करून अर्धा तास तसाच ठेवा. मग कुठलीही कमी महत्त्वाची पिक्चरची कॅसेट घाला. हा तिचा तिसरा उपयोग. पाच मिनिटं बघा, पुढे पळवा, मागे पळवा, बाहेर काढा, दार उचलून फीत तपासा. फितीच्या कडेला नवी घडी पडली असेल तर ते मशीन दुरुस्त होईपर्यंत त्यात घरची कॅसेट घालू नका.

चित्रभर मुंग्या दिसत असतील पण आवाज स्वच्छ असेल, तर हेड घाण झालंय. दुकानात मी हे रोज करायचो, कारण मेंबर कुठल्या मशीनमधून कॅसेट काढून आणतील याचा भरवसा नसायचा. प्लग काढा. वरचं झाकण उघडा. वीज येते तो जाळीचा भाग प्लग काढल्यावरही काही वेळ झटका देऊ शकतो, तिकडे हात नेऊ नका. मधोमध तिरका, चकचकीत ढोल दिसेल. त्याच्या कडेला दोन किंवा चार अगदी बारीक हेड असतात. साधा कोरा कागद बोटभर रुंदीचा कापा, ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, ढोलाला हलका टेकवून स्थिर धरा, आणि दुसऱ्या हाताने ढोल वरून सावकाश फिरवा. कागद हलवायचा नाही, ढोल फिरवायचा. वर-खाली पुसलंत तर हेड मोडतं. कापसाची काडी ढोलाला कधी लावू नका, तिचे धागे हेडमध्ये अडकतात. बाकी खांब आणि आवाजाचं हेड पुसायला काडी चालेल. रबरी रोलर अल्कोहोलने नको, ओल्या कापडाने पुसा. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट वापरू नका, त्यात पाणी आणि इतर गोष्टी असतात. पंधरा मिनिटं सुकू द्या, मग परत पिक्चरची कॅसेट घालून बघा.

उतरवण्यासाठी यूएसबीवाला कॅप्चर डबा लागतो, साधा हजाराच्या आत-बाहेर मिळतो. व्हीसीआरच्या मागची पिवळी भोकं चित्राची, पांढरी-लाल आवाजाची. जुन्या मोनो मशीनला आवाजाचं एकच भोक असतं. मग फाइलमध्ये आवाज एकाच कानात येतो, तो नंतर दोन्हीकडे करता येतो. संगणकावर ओबीएस नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी चुकतात, तेवढ्या सांभाळा. पहिली, चित्राच्या सिग्नलची पद्धत पाल ठेवा: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं. आपल्याकडच्या आणि आखातातल्याही बहुतेक कॅसेटी पालच असतात. अमेरिकेहून मामाने पाठवलेली कॅसेट मात्र एनटीएससी, म्हणजे तिकडच्या पद्धतीची असते. ती साध्या मशीनवर लोळते, काळीपांढरी दिसते. तिच्यासाठी दोन्ही पद्धती चालवणारा मल्टिसिस्टीम व्हीसीआर लागतो. दुसरी, चित्राचा आकार चारास तीन ठेवा. आजच्या टीव्हीच्या आकारात ताणलंत की सगळे चेहरे आडवे पसरतात. लोक म्हणतात, पडदा भरत नाही. नाही भरला तरी चालेल, पण आपली आजी जशी होती तशी दिसली पाहिजे. तिसरी, व्हीसीआरच्या मेनूत निळा पडदा दाखवायची सोय असेल तर बंद करा. नाहीतर चित्र जरा कमजोर झालं की मशीन निळा रंग पाठवतं आणि खालचं अंधूक का होईना, पण होतं ते चित्र जातं.

घरची कॅसेट घातली की आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे पळवा. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली फीत सैल होते. मग सुरुवातीची दोन मिनिटं बघून ट्रॅकिंग, म्हणजे हेड आणि फितीचा मेळ, हाताने जुळवा. ही फीत जितक्या वेळाची तितकाच वेळ उतरवायला लागतो, त्याला जवळचा रस्ता नाही. ई-१८० ची कॅसेट म्हणजे तीन तास. तुम्ही तिथे बसलं पाहिजे. मधेच ट्रॅकिंग सुटतं. करकर आवाज आला तर तत्काळ थांबवावं लागतं. चांगल्या प्रतीत तासाला साधारण साडेतीन जीबी जागा लागते, म्हणजे तीन तासांची कॅसेट अकराच्या आत. आवाज आणि ओठ हळूहळू मागे-पुढे होऊ लागले तर दोष कॅसेटीच्या थरथरत्या सिग्नलचा असतो. व्हीसीआर आणि डबा यांच्या मधे जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला की पुष्कळदा ते सावरतं.

लग्नाच्या कॅसेटीबद्दल एक गोष्ट फारशी कुणाला सुचत नाही. तुमच्याकडे असते ती बहुधा नक्कल. व्हिडिओवाला मास्टर, म्हणजे मूळ कॅसेट, स्वतःकडे ठेवायचा आणि गाणी चढवून दुसरी कॅसेट द्यायचा. त्या नकलेत चित्र एक पायरी उतरलेलं असतंच, पण मुख्य म्हणजे खरा आवाज गेलेला असतो. मंगलाष्टकांच्या जागी पिक्चरचं गाणं. गावातला तो व्हिडिओवाला, नाहीतर त्याचा मुलगा, सापडला तर मास्टर आहे का विचारा. बऱ्याच जणांनी पैसे वाचवायला त्याच कॅसेटीवर पुढचं लग्न घेतलं, पण मला आत्तापर्यंत चार मास्टर मिळाले. त्यातल्या एकात, खेडच्या एका घरातल्या, नवरीचे वडील पाठवणीच्या वेळी मुलीशी बोलत होते. नकलेत त्या जागी शहनाई होती. ती मुलगी आता साठीला आली आहे, तिला वडिलांचा आवाज तीस वर्षांनी ऐकायला मिळाला. गाणी चढवलेली फाइल यूट्यूबवर टाकलीत तर हक्काच्या दाव्यामुळे आवाज बंद होऊ शकतो. नातेवाइकांना पेनड्राइव्ह देणं बरं.

दुकानात द्यायचं ठरवलंत तर आधी विचारा: मूळ कॅसेट परत देणार का, आणि पूर्ण लांबीची फाइल देणार की नुसती डीव्हीडी. शहरातल्या एका दुकानाने माझ्या ओळखीच्या काकूंना तीन तासांचं लग्न 'कंटाळवाणं काढून' चाळीस मिनिटांचं करून दिलं आणि कॅसेट टाकून दिली. जेवणाच्या पंगतीचं सगळं चित्रण गेलं. त्याच पंगतीत त्यांचे सासरे होते, ज्यांचा दुसरा एकही फोटो घरात नाही. म्हणून सांगतो, पंगत कापू देऊ नका. लोक कॅमेऱ्याकडे बघून अवघडून बसतात ते मांडवात. पंगतीत ते जसे असतात तसे असतात.

डीव्हीडीवर विसंबू नका. ती वाट मी जवळून पाहिली आहे. १९९२ नंतर केबल आली. माझ्याचकडची दहा रुपये भाड्याची कॅसेट नेऊन केबलवाला अख्ख्या गावाला रात्री पिक्चर दाखवायचा. मग व्हीसीडी आल्या, एका पिक्चरला दोन. मीही कॅसेटी मागे सारून त्या लावल्या. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना विकायला काढली. मी ती १५ रुपये भाड्याने देत होतो. वर्षभरात मला दुकान आवरावं लागलं, आणि आज त्या व्हीसीडी लावायला घरात खाचही उरलेली नाही. तुमच्या फाइलचंही तसंच होऊ शकतं. तीन ठिकाणी ठेवा: एक हार्ड डिस्क घरात, एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे, एक ऑनलाइन. आमच्यासारख्या पुराच्या गावात दुसरं गाव हवंच. दर दोन वर्षांनी उघडून बघा.

नमन, जाखडी, गावच्या नाटकाची कॅसेट असेल तर मंडळाला आणि त्यातल्या कलाकारांच्या घरी प्रत द्या. कुठे न मिळणारा एखादा जुना मराठी चित्रपट हाती लागला तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारा.

फाइलला नाव देताना 'लग्न १' असं ठेवू नका. गाव, तारीख, कुणाचं, एवढं तरी लिहा. आणि उतरवून झाल्यावर घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला शेजारी बसवून ती फाइल लावा, वही घ्या, आणि वेळ लिहून माणसांची नावं टिपा. '१२ मिनिटं, हिरवं नऊवारी, आत्याची नणंद, दाभोळ.' हे काम उतरवण्याइतकंच तातडीचं आहे. गेल्या माघात मी एका आजींसमोर १९८९ ची मुंज लावली. त्यांनी मांडवातल्या साठ-सत्तर माणसांची नावं सांगितली. त्यांच्या मुलाला त्यातली नऊ माहीत होती.

सगळं झाल्यावर मूळ कॅसेट रिवाइंड करा. हा नियम मी दुकानाच्या भिंतीवर लावला होता तो वेगळ्या कारणासाठी, पण तो बरोबरच आहे: फीत एका बाजूला समान ताणाने गुंडाळलेली राहते. प्लास्टिकच्या डब्यात घाला, पुस्तकासारखी उभी ठेवा, स्पीकरपासून लांब, भिंतीला टेकणार नाही अशी, आणि पुराच्या गावात राहत असाल तर माळ्यावर.